कोणती नमाज मोठ्याने, कोणती हळू? जहरी आणि सिर्री किरात शिकणाऱ्यांसाठी

नमाज शिकायला घेतली की रुकू (कमरेत वाकणं), सजदे (कपाळ जमिनीला टेकणं), बैठका लवकर अंगवळणी पडतात. माणूस अडतो तो आवाजापाशी. मगरिबला (सूर्यास्तानंतरची नमाज) इमाम मोठ्याने पढतात, जोहरला (दुपारची) मात्र सगळं शांत असतं. मग घरी एकट्याने उभं राहिल्यावर काय करायचं? ओठ हलवायचे की मनातच म्हणायचं? जमातीत (सामुदायिक नमाजीत) इमामाबरोबर आपणही पढायचं का? आणि चुकून आवाज चढला तर नमाज गेली का?

आधी दोन शब्द. उंच आवाजातल्या पठणाला जह्र म्हणतात, हळू पठणाला सिर्र. त्यावरून जहरी नमाज आणि सिर्री नमाज. (मराठीत आपण विषाला जहर म्हणतो, तो शब्द वेगळा.) किरात म्हणजे नमाजीत उभं असताना होणारं कुरआनचं पठण: सूरह फातिहा आणि तिच्यानंतरची सूरह किंवा आयती. जहरी-सिर्रीचा हा सगळा विषय मुख्यतः किरातीचा आहे. रुकू-सजद्यातल्या तसबीहचा (अल्लाहच्या स्तुतीचा) नाही. हे सुरुवातीलाच पक्कं केलंत तर अर्धा गोंधळ इथेच मिटतो.

मजहबांमध्ये (धर्मशास्त्राच्या चार परंपरांमध्ये: हनफी, शाफई, मालिकी, हंबली) या विषयात खरे फरक आहेत. खाली हनफी आणि शाफई पद्धत प्रामुख्याने दिली आहे, गरज आहे तिथे मालिकी आणि हंबलीही. तुम्ही ज्या मजहबाप्रमाणे नमाज शिकत आहात त्याचंच धरा. एका मजहबाची फातिहा आणि दुसऱ्याचा सहूचा सजदा (चूक भरून काढायचे जादा सजदे) अशी सरमिसळ केलीत तर दर नमाजीला शंका येत राहील.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- अरबी लिपीतली सूरह फातिहा आणि दोन-तीन छोट्या सूरह. देवनागरीतली प्रत आधाराला चालेल, पण तिच्यावरच थांबू नका. अरबीत ‘ह’चे दोन वेगळे उच्चार आहेत, ‘स’च्या जवळचे तीन. देवनागरीत ते एकाच अक्षरात मिसळतात.
- तुमची फातिहा ऐकून चूक सांगेल असा एक जाणकार माणूस. मुख्य साधन हेच. बाकी सगळं याच्यानंतर.
- आवाज रेकॉर्ड करणारा फोन, फक्त सरावासाठी. नमाजीत नाही.
- सरावाला एक शांत खोली, पंखा बंद करून.

1. आधी ठरवा: या नमाजीत तुम्ही कोण आहात?

बहुतेक जण वेळेपासून सुरुवात करतात: ‘फजरला (पहाटेची नमाज) मोठ्याने, जोहरला हळू.’ पण त्याआधीचा प्रश्न तुमच्या जागेचा आहे. तुम्ही इमाम आहात, इमामाच्या मागे उभे मुक्तदी आहात की एकटे पढणारे मुनफरिद? नियम तिघांना वेगळा लागतो.

इमाम: जहरी रकातींत (रकात म्हणजे उभं राहणं, रुकू, सजदे असा नमाजीचा एक फेरा) मोठ्याने, सिर्रीत हळू. हनफींकडे हे दोन्ही वाजिब (आवश्यक) आहे. शाफई, मालिकी आणि हंबलींकडे सुन्नत (पैगंबरांची रीत, सक्ती नाही).

मुनफरिद: जहरी वेळेला हनफींकडे मुभा आहे, हळू पढा किंवा मोठ्याने, मोठ्याने पढणं अधिक चांगलं. शाफईंकडे एकट्यालाही जहरी रकातींत मोठ्याने पढणं सुन्नत आहे. जोहर आणि असरला (दुपार उतरल्यावरची नमाज) मात्र एकट्यानेही हळूच पढायचं, यात वाद नाही.

मुक्तदी: इथे सर्वांत जास्त गल्लत होते. हनफींकडे मुक्तदी किरात करतच नाही, ना जहरीत ना सिर्रीत. इमामाचं पठण तेच त्याचं पठण. कुरआन पढलं जात असेल तेव्हा कान देऊन ऐका आणि शांत राहा, या आयतीचा (7:204) आधार ते घेतात. शाफईंकडे उलट आहे: फातिहा नसेल तर नमाज नाही, या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनाच्या) आधारे मुक्तदीनेही प्रत्येक रकातीत फातिहा पढायची, पण स्वतःपुरती, हळू. म्हणून शाफई इमाम जहरी रकातीत फातिहा झाल्यावर थोडं थांबतात. ती जागा मागच्यांच्या फातिहासाठी असते. इमाम पुढची सूरह विसरले असं समजून घाबरू नका. मालिकी आणि हंबली मधला मार्ग घेतात: सिर्री नमाजीत मुक्तदीने पढणं पसंत, जहरीत इमामाचं ऐकणं.

मुक्तदीने मोठ्याने पढावं असं कोणत्याच मजहबात नाही.

2. रकाती मोजा: 17 पैकी 6

दिवसभरात फर्ज (बंधनकारक) रकाती 17. त्यांतल्या जहरी फक्त 6:

- फजर, 2 रकाती: दोन्ही जहरी
- जोहर, 4 रकाती: सगळ्या सिर्री
- असर, 4 रकाती: सगळ्या सिर्री
- मगरिब, 3 रकाती: पहिल्या दोन जहरी, तिसरी सिर्री
- इशा (रात्रीची), 4 रकाती: पहिल्या दोन जहरी, शेवटच्या दोन सिर्री

लक्षात ठेवायला सोपी खूण: जहरी नमाजा अंधाराच्या कडेच्या आणि अंधाराच्या, आणि त्यांतही फक्त पहिल्या दोन रकाती. पहिल्या बैठकीनंतर उठून जी रकात पढाल ती फर्ज नमाजीत नेहमी हळू.

शुक्रवारी जोहरच्या चार रकातींच्या जागी जुम्याच्या दोन येतात आणि त्या दोन्ही जहरी. दिवसाची नमाज असूनही. दोन्ही ईदच्या नमाजाही दिवसाच्या आणि जहरीच. प्रवासात चारच्या दोन झाल्या तरी आवाजाचा नियम बदलत नाही: कस्र केलेली जोहर आणि असर हळू, इशाच्या दोन्ही रकाती मोठ्याने.

3. ‘हळू’ म्हणजे मनात नव्हे

या लेखातली एकच गोष्ट धरायची असेल तर ही धरा. सिर्री किरात म्हणजे ओठ मिटून मनातल्या मनात म्हणणं नव्हे. चारही मजहबांत मनात म्हटलेली फातिहा किरात धरली जात नाही. जीभ हलली पाहिजे, अक्षर आपल्या जागेवरून निघालं पाहिजे. हनफींचं अधिक स्वीकारलेलं मत आणि शाफईंचं मत असं की कान धड असणाऱ्याला, गोंगाट नसताना, स्वतःचं पठण स्वतःला ऐकू आलं पाहिजे. मालिकींकडे किमान मर्यादा जीभ हलण्याची. ऐकू येणं त्याहून बरं.

पैगंबरांचे सोबती खब्बाब (रजि.) यांना विचारलं गेलं होतं की जोहर-असरला पैगंबर (स.) पढत होते हे तुम्हाला कसं कळायचं? त्यांनी सांगितलं, त्यांची दाढी हलताना दिसायची. सही बुखारीतली ही हदीस सिर्रीचं माप नेमकं सांगते: आवाज मागच्या रांगेपर्यंत येत नाही, पण जबडा हलतो.

आरशासमोर उभं राहून करायची एक चाचणी. ‘अल्-हम्दु’ हळू म्हणा. ‘म’ला दोन्ही ओठ एकमेकांना टेकले का? ‘अर्-रहमानिर्-रहीम’मध्ये दोनदा टेकले का? ‘इहदिनस्-सिरात’च्या ‘द’ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी लागलं का? ओठ स्थिर राहून ‘म’ निघूच शकत नाही. तो निघाला असं वाटत असेल तर तो फक्त आठवला गेला, पढला गेला नाही.

पंखा, रस्ता, शेजारची मुलं यांचा आवाज असेल आणि स्वतःचं कुजबुजणं कानी येत नसेल, तर आवाज चढवायची गरज नाही. शांततेत जेवढ्याने ऐकू आलं असतं तेवढंच पुरे. कमी ऐकू येणाऱ्यालाही हेच माप.

हळू पढताना बिघडतं काय? मुख्यतः तीन गोष्टी.

शेवटचा स्वर गिळला जातो. ‘अन्अम्त अलैहिम’मध्ये ‘त’वर जबर (‘अ’ स्वराची खूण) आहे, अर्थ ‘तू कृपा केलीस’. घाईत तो ‘अन्अम्तु’ झाला तर अर्थ होतो ‘मी कृपा केली’. कर्ताच बदलला. मोठ्याने पढताना अशी चूक स्वतःला किंवा शेजाऱ्याला खटकते. कुजबुजीत ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

जोड अक्षर सुटं पडतं. बिस्मिल्लाह धरून फातिहात 14 तशदीद (अक्षर दुहेरी करायची खूण) आहेत आणि शाफईंकडे त्यातला एकही सोडता येत नाही. ‘इय्याक’मधला ‘य’ दुहेरी आहे. तो एकेरी केला तर शब्द दुसराच होतो.

वेग वाढतो. फातिहाच्या सात आयतींना शांतपणे साधारण अर्धा मिनिट लागतो. सिर्रीत ती आठ-दहा सेकंदांत उरकत असेल तर काही अक्षरं वाटेतच राहत आहेत. जोहरच्या वेगाने एकदा मोठ्याने पढून पाहा, लगेच कळेल.

4. ‘मोठ्याने’ म्हणजे किती

जह्रची खालची मर्यादा: आवाज दुसऱ्याच्या कानी जावा. शेजारी उभा असलेल्याला शब्द कळले की जह्र झालं. वरची मर्यादा जमातीच्या गरजेची. घसा ताणून पढणं इमामासाठीही चांगलं मानलेलं नाही. एकट्याने पढताना तर साध्या बोलण्याहून जास्त आवाज लागत नाही.

कुरआनात (17:110) म्हटलं आहे की नमाज फार मोठ्याने पढू नका, अगदी हळूही नको, दोन्हींच्या मधली वाट धरा. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या सांगण्यानुसार ही आयत मक्केतली आहे: आवाज चढला की विरोधक कुरआनला शिव्या घालत, आणि अगदी दबला की सोबत्यांना ऐकू येत नसे. रात्रीच्या नमाजीबद्दल असाच एक प्रसंग अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. अबू बक्र (रजि.) फार हळू पढत होते, उमर (रजि.) फार मोठ्याने. पैगंबरांनी (स.) पहिल्यांना आवाज थोडा वाढवायला सांगितलं, दुसऱ्यांना थोडा उतरवायला.

शेजारी कोणी नमाज पढत असेल, झोपलं असेल, आजारी असेल तर एकट्याने आवाज उतरवावा. एकमेकांना त्रास देऊ नका, कुरआन पढताना एकमेकांवर आवाज चढवू नका, हे हदीसमध्ये स्पष्ट आलं आहे.

5. किरातीबाहेरचं काय?

हे सगळं प्रत्येक नमाजीत, फजर असो की असर, हळूच: सना (सुरुवातीची स्तुती), अऊजु (सैतानापासून आश्रय मागणं), रुकूची तसबीह, सजद्याची तसबीह, अत्तहियात (बैठकीतलं पठण), दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ), शेवटची दुआ. जहरी नमाज आहे म्हणून अत्तहियात मोठ्याने म्हणायची नाही. नवखी माणसं इथे हमखास चुकतात.

इमाम मोठ्याने म्हणतात ते: प्रत्येक तकबीर (‘अल्लाहु अकबर’), ‘समिअल्लाहु लिमन हमिदह’ आणि सलाम. तेही प्रत्येक नमाजीत, जोहर-असरमध्येसुद्धा. नाहीतर मागच्यांना कळणार कसं? मुक्तदी या तकबीरा स्वतःपुरत्या म्हणतो. जमात मोठी असून आवाज पोचत नसेल तर एक जण मुकब्बिर होऊन त्या मोठ्याने पोचवतो. त्याने पहिल्या तकबीरला स्वतःच्या नमाजीची नियतही करावी. नुसतं लोकांना ऐकवण्यासाठी म्हटलेल्या तकबीरने त्याची नमाज सुरू होत नाही.

बिस्मिल्लाह: हनफी आणि हंबली हळू म्हणतात. शाफई जहरी रकातीत मोठ्याने, कारण त्यांच्याकडे ती फातिहाचीच आयत आहे. मालिकी फर्ज नमाजीत सहसा म्हणत नाहीत. म्हणून अनोळखी मशिदीत इमामांनी थेट ‘अल्-हम्दु’पासून सुरू केलं तर त्यांनी काही सोडलं असं समजू नका.

आमीन: जहरी नमाजीत शाफई आणि हंबली इमाम-मुक्तदी मोठ्याने म्हणतात, हनफी दोघेही हळू. मोठ्याने म्हणणाऱ्यांत उभे असाल तर इमामाच्या ‘वलद्-दाल्लीन’च्या आधी आमीन सुटू देऊ नका, ते इमामाबरोबर पडावं.

कुनूत (नमाजीतली एक खास दुआ): हनफी वित्रमध्ये (इशानंतरची नमाज) हळू पढतात. शाफई इमाम फजरच्या दुसऱ्या रकातीत मोठ्याने पढतात आणि मागचे दुआच्या वाक्यांवर आमीन म्हणतात.

6. जमातीला उशिरा पोचलात तर

इमाम जहरी किरात करत असताना सामील झालात तर हनफी पद्धतीप्रमाणे सना म्हणत बसू नका. तकबीर म्हणून हात बांधा आणि ऐका. रुकूत इमाम सापडले तर ती रकात मिळाली.

सुटलेल्या रकाती इमामांच्या सलामानंतर उठून पूर्ण करायच्या. हनफींकडे किरातीच्या हिशेबाने या तुमच्या सुरुवातीच्या रकाती धरल्या जातात. समजा मगरिबची फक्त शेवटची रकात मिळाली. उठा, सना, मग फातिहा आणि सूरह पढा, रुकू-सजदे करून बसा आणि अत्तहियात म्हणा. पुन्हा उठा, फातिहा आणि सूरह, मग शेवटची बैठक आणि सलाम. दोन्ही रकातींत सूरह लागते. ‘तिसरी रकात आहे, फातिहा पुरे’ हा हिशेब इथे चालत नाही. आवाजाबाबत मुनफरिदसारखीच मुभा आहे. तरी आजूबाजूला आणखी पाच-सहा जण आपापल्या रकाती पूर्ण करत असतात, तेव्हा हळूच पढा.

शाफईंकडे उलट: इमामाबरोबर मिळालेली ती तुमची पहिली, नंतर पढाल ती पुढची.

7. आवाज चुकला तर

इमामांनी जहरी रकात हळू सुरू केली तर मागून पुरुषाने ‘सुब्हानल्लाह’ म्हणावं, बाईने हातावर हात मारून आठवण द्यावी. लक्षात येताच इमामांनी आवाज लावावा.

हनफींकडे इमामांनी जहरीच्या जागी हळू किंवा सिर्रीच्या जागी मोठ्याने, नमाज वैध होण्याइतकी किरात पढली तर सहूचा सजदा वाजिब. हे माप सहसा तीन छोट्या आयती किंवा तेवढ्या लांबीची एक आयत असं सांगतात. सूरह कौसर डोळ्यांसमोर आणा, ती पूर्ण तीन आयतींचीच आहे. एखादा शब्द निसटला तर सजदा लागत नाही. एकट्याने जोहरला मोठ्याने पढलं तर सजदा लागतो का, यावर हनफी फकीहांत (धर्मशास्त्राच्या जाणकारांत) दोन मतं आहेत.

सहूच्या सजद्याची हनफी रीत: शेवटच्या बैठकीत अत्तहियात, उजवीकडे एक सलाम, दोन सजदे, पुन्हा अत्तहियात, दुरूद, दुआ, मग दोन्हीकडे सलाम.

शाफईंकडे आवाजाच्या चुकीवर सहूचा सजदा नाही. मालिकींकडे आहे: जहरीत हळू पढलं तर सलामाआधी, सिर्रीत मोठ्याने पढलं तर सलामानंतर. हंबलींकडे केला तर चालतो, सक्ती नाही.

आणि एक धीराची गोष्ट. जोहर-असरला पैगंबर (स.) अधूनमधून एखादी आयत ऐकू येईल अशी पढत, हे अबू कतादा (रजि.) यांनी सांगितलं आहे. सिर्री नमाजीत एखादा शब्द जरा मोठा निघाला म्हणून नमाज तोडून पुन्हा सुरू करणं हा वसवसा (मनाला छळणारी शंका) आहे. ती सवय लावून घेऊ नका.

8. कजा, सुन्नत, नफल

कजा म्हणजे वेळ टळल्यावर पढलेली नमाज. समजा फजर राहिली आणि सकाळी दहाला पढताय. मोठ्याने की हळू? हनफींकडे मूळ नमाज पाहतात: कजा जमातीने असेल तर इमाम मोठ्याने पढतील. शाफईंकडे पढण्याची वेळ पाहतात: सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत हळू, रात्री मोठ्याने.

दिवसाच्या सुन्नत आणि नफल (ऐच्छिक) नमाजा हळू. रात्रीच्या नफलमध्ये दोन्ही चालतं, पैगंबर (स.) रात्री कधी हळू तर कधी मोठ्याने पढत, हे आयशा (रजि.) यांनी सांगितलं आहे. तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) आणि रमजानमधले जमातीचे वित्र जहरी. जनाज्याच्या नमाजीतलं पठण हळू.

9. स्त्रियांसाठी

हनफी पद्धतीत स्त्रिया सर्व नमाजा हळू पढतात, फजर-मगरिब-इशाही. शाफईंकडे परका पुरुष ऐकत नसेल तर जहरी रकातींत आवाज करता येतो, पुरुषांपेक्षा कमी. हळूचं माप दोन्हीकडे तेच: स्वतःला ऐकू येईल एवढं. ‘बायकांनी मनात म्हणायचं’ असं घराघरांत सांगतात, ते बरोबर नाही.

10. फातिहा अजून पाठ नसेल तर

नमाज थांबवू नका. पाठ होईपर्यंत ‘सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, ला इलाह इल्लल्लाह, अल्लाहु अकबर’ म्हणण्याची सवलत हदीसमध्ये आहे. जमातीत उभं राहणं या काळात फार उपयोगी पडतं: फजर, मगरिब, इशाला रोज सहा वेळा फातिहा कानावर पडते, तीही योग्य उच्चारात.

घरी रोज एक आयत घ्या. आधी मोठ्याने, शिकवणाऱ्याला ऐकवून. ती पक्की झाली की तीच आयत त्याच वेगाने कुजबुजीत, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा. ऐकताना ‘म’, ‘त’, ‘द’ आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटचा स्वर शोधा. जे ऐकू येत नाही ते दुसऱ्या दिवशी पुन्हा मोठ्याने.